वाचक विचारतात : बेटी, बार्नी आणि हरवलेले दोन तास

प्रश्न : ताई, मी नाशिकची, रिटायर्ड शिक्षिका. मागच्या ऑक्टोबरात लेकीकडे बॉस्टनला गेले होते, जावईबापू आम्हाला न्यू हॅम्पशायरला झाडांचे रंग दाखवायला घेऊन गेले. तिथे लिंकन नावाच्या गावाजवळ रस्त्याच्या कडेला एक हिरवी पाटी, चक्क सरकारी, आणि त्यावर लिहिलंय की १९६१ साली इथे एका नवरा-बायकोची उडत्या तबकडीशी गाठ पडली आणि त्यांचे दोन तास हरवले! जावई म्हणतो सगळी बनवाबनवी, मी म्हणते सरकार उगाच पाटी लावेल का. पुरणपोळीची पैज लागलीय. निकाल द्या.

उत्तर : नमस्कार बाई. निकाल शेवटी तुम्हीच लावा, आधी गोष्ट ऐका.

पाटी खरी आहे, पण ती लागली २०११ मध्ये, म्हणजे घटनेला पन्नास वर्षं झाल्यावर. अमेरिकेत गाजलेली ‘एलियननी पळवून नेलं’ अशी ही पहिली तक्रार, म्हणून इतिहासात जमा. आपल्याकडे नाही का एखाद्या गडावर पाटी असते की इथून अमक्याने घोड्यासकट उडी घेतली, तसंच. आता तुमच्या त्या पाटीची भाषा जरा जास्तच भरवशाची आहे, ‘गाठ पडली असं ते सांगतात’ म्हणायला हवं होतं तिथे सरळ ‘गाठ पडली’च म्हटलंय, हे मला मान्य आहे.

तर बेटी आणि बार्नी हिल. राहणार पोर्ट्समथ, न्यू हॅम्पशायर. बेटी सरकारी समाजसेविका, बार्नी पोस्टात, तोही बॉस्टनला, रात्रपाळीला, रोज गाडी हाकत जायचा. १९६१ च्या सप्टेंबरात दोघं नायगारा आणि मॉन्ट्रियल फिरून परत निघालेले, पैसे संपत आलेले, त्यात किनाऱ्याकडे वादळ येतंय अशी बातमी, म्हणून हॉटेलात न थांबता रात्रभर गाडी मारायची ठरलं. १९ तारखेची रात्र, १९५७ ची शेव्हरोले, मागे डेल्सी नावाची त्यांची कुत्री. साडेदहाच्या आसपास लँकेस्टरच्या पुढे बेटीला चंद्राजवळ एक तेजस्वी ठिपका दिसला आणि तो हलतोय असं वाटायला लागलं. मग काय, थांब, दुर्बिणीतून बघ, कुत्रीला जरा फिरव, पुन्हा गाडीत बस, पुन्हा थांब. रस्ता दोन्ही बाजूंनी डोंगर असलेला, निर्मनुष्य, गाडी कधी कधी अगदी बैलगाडीच्या वेगाने. शेवटी इंडियन हेड नावाच्या जागेजवळ बार्नी गाडीतून उतरून शेतात गेला, दुर्बीण लावली आणि त्याला त्या वस्तूच्या खिडक्यांमधून आठ ते अकरा आकृत्या आपल्याकडे बघताना दिसल्या. तो ओरडत पळत आला, की हे आपल्याला पकडणार! गाडी सुसाट. मागून डिकीवर बीप बीप असा आवाज आला, अंगात झिणझिण्या आल्या, थोड्या वेळाने पुन्हा तोच आवाज, आणि मग एकदम भानावर आले तर बरेच मैल पुढे आलेले. अडीच-तीनला घरी पोचू म्हणून निघाले होते, पोचले पाचच्या सुमाराला.

एवढी गोष्ट त्यांनी लगेच सांगितली होती, हे नीट लक्षात ठेवा. २१ तारखेला जवळच्या पीझ हवाईदल तळावर फोन केला (तिथे आकृत्यांचं बोलले नाहीत, लोक हसतील म्हणून) आणि २६ तारखेला बेटीने उडत्या तबकड्यांवर काम करणाऱ्या एका मोठ्या संघटनेला पत्र लिहिलं, त्यात मात्र आकृत्या आहेत. आत नेलं, तपासलं वगैरे यात कुठेच नाही. ते नंतरचं.

आता आकाशात काय होतं? चंद्र चांगला अर्ध्याहून मोठा, आणि त्याच्या जवळ गुरू आणि शनी दोन्ही. आपण २०२० च्या डिसेंबरात गुरू-शनी एकमेकांना चिकटलेले बघितले होते ना, सगळ्यांच्या स्टेटसला होते, तसे ते १९६१ च्या सुरुवातीलाही जवळ आले होते आणि सप्टेंबरातही फार लांब गेलेले नव्हते. बेटीने सांगितलं की चंद्राजवळ एक तारा होता आणि वर त्याहून तेजस्वी दुसरा एक आला. रॉबर्ट शेफर नावाच्या संशोधकाने इथेच बोट ठेवलं, म्हणाला की बाई, खरोखर तबकडी असती तर तीन गोष्टी दिसायला हव्या होत्या, शनी, गुरू आणि तबकडी. तुम्ही तर दोनच सांगताय. हवाईदलाच्या कागदांतही गुरू असावा, माहिती पुरेशी नाही, असेच शेरे आहेत. शिवाय त्या रस्त्यावर कॅनन माउंटनच्या माथ्यावर दिवा होता, वळणावळणाच्या रस्त्यावरून तो कधी डावीकडे, कधी समोर, कधी गायब असा दिसतो, असंही एकाने स्वतः गाडी चालवून दाखवून दिलंय.

तुम्ही म्हणाल, ग्रह कसा पाठलाग करेल. बाई, तुमच्या वर्गातली पोरं एसटीतून जाताना चांदोमामा आपल्याबरोबर पळतो म्हणायची की नाही? मी स्वतः लहानपणी आंबोली घाटात संध्याकाळी शुक्राला घाबरून बाबांच्या सीटमागे लपले होते, आणि बाबा मला समजवायचं सोडून हसत होते. पण बार्नीला दिसलेल्या त्या खिडक्या आणि आकृत्या ग्रहात बसत नाहीत, ते खरंय. तिथे दमलेले डोळे, थरथरत्या हातातली दुर्बीण आणि भीती एवढंच माझ्याकडे आहे. ते तुम्हाला पुरेसं वाटतं का बघा.

प्रश्न : पण ताई, त्या दोघांना वेगवेगळं बसवून संमोहित केलं तेव्हा दोघांनी एकच गोष्ट सांगितली असं मी व्हिडिओत पाहिलंय. संमोहनात माणूस खोटं बोलू शकत नाही, मग विषय संपला ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : खरं तर इथूनच सुरू होतो.

संमोहन म्हणजे डोक्यातली सीडी पुन्हा लावणं नव्हे. संमोहनात माणूस सैल होतो, समोरच्याच्या सूचना पटकन उचलतो, आणि जे आठवत नाही ते कल्पनेने भरून काढतो, वर ते त्याला स्वतःला खरंच आठवल्यासारखं वाटतं. संमोहनात खोटं बोलताच येत नाही असं नाही, आणि मुद्दाम खोटं बोलत नसला तरी खरंच सांगतो असं त्यातून निघत नाही. मला वाटतं या अख्ख्या प्रकरणात लोक हीच गल्लत करतात, एक तर बाई खोटारडी नाही तर एलियन खरे, मधलं काही नाहीच. खोटं बोलणं वेगळं आणि प्रामाणिकपणे चुकीचं आठवणं वेगळं. घरात दोन भावांना विचारून बघा की लहानपणी विहिरीत कोण पडलं होतं, दोघंही म्हणतील मी.

आता तारखा लावून बघू. घटनेनंतर साधारण दहा दिवसांनी बेटीला ओळीने पाच रात्री स्वप्नं पडली. त्यात रस्त्यात माणसं आडवी आली, दोघांना यानात नेलं, तपासलं, पोटात बेंबीतून सुई घातली, म्हणे गरोदर आहे का बघायला. तिने ती स्वप्नं नोव्हेंबरात लिहून काढली, लोकांना सांगितली, बार्नीच्या समोर सांगितली. आणि संमोहन झालं केव्हा? जानेवारी ते जून १९६४. सव्वादोन वर्षांनी. बार्नीला अल्सर, ब्लडप्रेशर, झोप नाही, म्हणून ते बॉस्टनच्या डॉ. बेंजामिन सायमन या मनोविकारतज्ज्ञाकडे गेले. डॉक्टर चोख होते, दोघांना वेगवेगळं बसवायचे, आणि सेशन संपल्यावर काय सांगितलं ते आठवणार नाही अशी सूचना द्यायचे, म्हणजे एकाने दुसऱ्याला सांगायला नको. पण अहो, सांगायचं ते दोन वर्षं घरात सांगून झालेलंच होतं!

आणि डॉ. सायमन यांचं मत काय पडलं, तर अपहरणाची गोष्ट ही बेटीची स्वप्नं आणि बार्नीने ती तिच्याकडून उचलली. ज्या माणसाने ते सगळं टेपवर घेतलं, ज्याच्यासमोर बार्नी भीतीने किंचाळला, त्याचं हे मत. पण रिळं त्या टेपची फिरतात, डॉक्टरांच्या मताची नाही.

अजून एक गंमत. बेटीने स्वप्नं लिहिली तेव्हा त्या लोकांना मोठमोठी नाकं होती, काळे केस होते. संमोहनात बार्नीने वर्णन केलं तेव्हा डोळे मोठे, तिरके, पार कानशिलापर्यंत गेलेले, आणि आज स्टिकरवर, टी-शर्टवर जो एलियन दिसतो तो या दुसऱ्या वर्णनाचा नातलग. मोठी नाकं गेली कुठे कुणास ठाऊक. मार्टिन कॉटमायर या तबकडीच्या गोष्टी तपासणाऱ्या लेखकाने शोधून काढलं की १० फेब्रुवारी १९६४ ला अमेरिकेत ‘दि आउटर लिमिट्स’ या टीव्ही मालिकेच्या एका भागात असाच डोळ्यांचा परग्रहवासी दाखवला होता आणि बार्नीने ते डोळे सांगितले २२ फेब्रुवारीला. बारा दिवस! बेटी म्हणायची आम्ही ती मालिका बघतच नव्हतो. असेलही, बार्नी रात्रपाळीचा माणूस. त्यामुळे मी याला पुरावा म्हणणार नाही, पण भुवया उंचावतात एवढं नक्की.

प्रश्न : मॅडम, मी ट्रक चालवतो, सातारा साईड. ते दोन तास हरवले म्हणताय, अहो आमच्याकडे याला चकवा म्हणतात! माणूस रात्रभर एकाच जागी फिरतो, उजाडल्यावर कळतं. मग त्या साहेबाला चकवाच लागला असंल की.

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मी मोठ्याने हसले आणि मग लक्षात आलं की तुम्ही सगळ्या तज्ज्ञांपेक्षा जवळ पोचलाय.

चकव्याची गोष्ट मी पण आजीकडून ऐकलीय, माळावर वाट सापडत नाही, फिरून फिरून त्याच झाडाखाली. अनुभव खराच असतो, माणूस खरंच फिरतो. त्याला भूत जोडायचं का दमलेपण आणि अंधार, तो प्रश्न. तिकडे त्यालाच एलियन जोडला, कारण १९६१ च्या अमेरिकेत भुतापेक्षा यान जास्त चालत होतं.

बरं, ते दोन तास नक्की हरवले कधी? हे त्या रात्री कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोन महिन्यांनी, नोव्हेंबरच्या शेवटी, तबकडीवाल्या संघटनेची माणसं घरी येऊन तासन्‌तास बोलत बसली आणि त्यांनी हिशोब मांडला की इतक्या मैलांना इतके तास कसे लागले. आता तुम्हीच सांगा, घाटरस्ता, रात्र, दर थोड्या वेळाने थांबून आभाळ बघायचं, शेतात उतरायचं, कुत्री फिरवायची, आणि नंतर घाबरून कुठल्या तरी आडरस्त्याला लागायचं. किती वाजता कुठे होतो हे कशावरून? दोघांची मनगटी घड्याळं बंद पडली होती. लोक म्हणतात घड्याळं बंद पडली हाच पुरावा. मी म्हणते मग वेळ मोजली कशाने!

तुमच्या मालकाने डिझेलचा हिशोब असा धरला असता का हो?

प्रश्न : ताई मी कोल्हापूर, बीएस्सी फिजिक्स सेकंड इयर. बेटीनं यानातला ताऱ्यांचा नकाशा काढून दिलता आणि तो झीटा रेटिक्युलीशी मॅच झाला, हे कसं काय एक्स्प्लेन करणार? नाद खुळा प्रकार वाटतोय.

उत्तर : अरे, हा भाग मलाही आवडतो, म्हणून जरा सविस्तर.

बेटीच्या सांगण्याप्रमाणे यानातल्या म्होरक्याने तिला एक नकाशा दाखवला आणि विचारलं यात तुझी पृथ्वी कुठाय. ती म्हणाली माहीत नाही. मग तो म्हणाला तुलाच कळत नाही तर मी आमचं घर दाखवून उपयोग काय. (व्हायवाला बसलेल्या एक्स्टर्नलसारखाच.) १९६४ मध्ये संमोहनानंतरच्या सूचनेनुसार तिने तो कागदावर काढला, ठिपके आणि काही ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. पुढे ओहायोतल्या मार्जरी फिश नावाच्या शाळामास्तरीणबाईंनी काय चिकाटी दाखवली, मणी आणि दोरे लटकवून सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांचं त्रिमितीय मॉडेलच बनवलं आणि वेगवेगळ्या कोनातून बघत बसल्या की कुठून बघितलं तर बेटीच्या चित्रासारखं दिसतं. उत्तर आलं झीटा रेटिक्युली, सुमारे ३९ प्रकाशवर्षांवरचा जोडतारा. १९७४ मध्ये ‘ॲस्ट्रॉनॉमी’ मासिकाने त्यावर लेख छापला आणि मग वादाला नुसता ऊत.

कार्ल सेगन आणि स्टीव्हन सोटर या खगोलशास्त्रज्ञांनी साधी गोष्ट केली, रेघा पुसल्या. नुसते ठिपके शेजारी शेजारी ठेवले तर साम्य जवळजवळ उरतच नाही. रेघांनीच डोळ्याला बांधलं होतं. आपण सप्तर्षीत खाट बघतो ना, तिकडे कुणी त्यात अस्वल बघतं, तसं. तू फिजिक्सचा आहेस म्हणून सांगते, कोणते तारे घ्यायचे, कोणते वगळायचे आणि कुठल्या कोनातून बघायचं हे तिन्ही जर तुझ्या हातात असेल तर काहीतरी मॅच होणारच, फिटिंगला मोकळे पॅरामीटर जास्त आणि डेटा कमी. वर फिशबाईंनी वापरलेली अंतरं ताऱ्यांच्या १९६९ च्या यादीतली. नंतर हिप्पार्कोस उपग्रहाने ताऱ्यांची अंतरं फार काटेकोर मोजली, १९९७ मध्ये ती यादी आली, आणि नकाशातले काही तारे भलतीकडेच निघाले.

जाता जाता, झीटा रेटिक्युली न्यू हॅम्पशायरमधून कधी दिसतच नाही, इतका दक्षिणेला आहे. तुझ्या कोल्हापुरातून डिसेंबर-जानेवारीत दक्षिण क्षितिजावर जेमतेम दहा-अकरा अंश वर येतो. इतका मंद आहे की शहरातून काही दिसायचा नाही, पण पन्हाळ्यावरून दुर्बीण लावून प्रयत्न करून बघ. दोन तारे शेजारी शेजारी.

प्रश्न : सगळं पैशासाठी. पुस्तक काढलं, सिनेमा काढला. एवढी साधी गोष्ट तुम्ही का लिहीत नाही? – एक स्पष्टवक्ता, ठाणे

उत्तर : कारण ती मला साधी वाटत नाही.

चार वर्षं या दोघांनी ओळखीच्या लोकांत, चर्चसारख्या छोट्या गटांत सोडलं तर कुठे बोभाटा केला नाही. ऑक्टोबर १९६५ मध्ये ‘बॉस्टन ट्रॅव्हलर’ या पेपरने त्यांना न विचारता ते छापलं, तेव्हा जगाला कळलं. पुस्तक १९६६ चं, म्हणजे गाजावाजा झाल्यानंतरचं. टीव्हीवरचा सिनेमा १९७५ चा, त्यात बार्नीचं काम जेम्स अर्ल जोन्स यांनी केलं होतं. स्वतः बार्नी तो बघायला राहिला नाही, १९६९ मध्येच मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला, वय ४६.

आणि तो कृष्णवर्णीय होता, बेटी गोरी. १९६१ ची अमेरिका, काळ्या-गोऱ्यांची लग्नं कित्येक राज्यांत कायद्याने बंद, देशभरातली ती बंदी सुप्रीम कोर्टाने उठवली १९६७ मध्ये. दोघं नागरी हक्क चळवळीत काम करणारे. संमोहनातसुद्धा बार्नी बोलला आहे की प्रवासात हॉटेलवाले आपल्याला खोली देतील की नाही ही धास्ती होती. अनोळखी गोऱ्या खेड्यांतून रात्री गाडी हाकणारा तो माणूस, एक दिवा मागे लागलाय असं वाटल्यावर त्याच्या मनात काय काय आलं असेल याचा तुम्ही विचार करा. आणि अशा माणसाला मला एलियननी पळवलं म्हणून पेपरात यायची हौस असेल?

बेटीचं नंतरचं मात्र मी झाकणार नाही. बार्नी गेल्यावर ती एका ठरावीक जागी जाऊन रात्री रात्री तबकड्या मोजायला लागली, एक-दोन नाही, ढिगाने. तबकड्या मानणाऱ्यांपैकीच एकजण तिच्याबरोबर जाऊन आला आणि म्हणाला की बाईंना उतरलेली तबकडी आणि रस्त्यावरचा दिवा यातला फरक कळत नाही. विरोधक नव्हे, घरचाच माणूस. २००४ मध्ये ८५ व्या वर्षी ती गेली, तोपर्यंत आपल्या गोष्टीवरून इंचभर हलली नाही. त्या रात्रीचा तिचा फाटलेला ड्रेससुद्धा तिने जपून ठेवला होता, तो आज न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

प्रश्न : म्हणजे तुमचा परग्रहवासीयांवर विश्वासच नाही. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : विश्वास कशाला, कुतूहल भरपूर आहे. आपल्या जयंत नारळीकरांनी काय केलं बघा. २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडला, ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक डब्यांत भरून खाली आणली आणि त्यात सूक्ष्मजीव आहेत का ते तपासायला दिलं. सापडले. आता ते वरून आले की खालून गेले यावर वाद झाला, अजूनही आहे, पण डबे होते, तपासणाऱ्या प्रयोगशाळा होत्या, वाद घालायला हातात काहीतरी होतं. बेटी म्हणते तिला यानातलं एक पुस्तक भेट दिलं होतं, पण निघताना त्यांनीच काढून घेतलं. तेवढं एक पुस्तक राहायला हवं होतं हो!

प्रश्न : एलियननी त्यांच्या कुत्रीला का नाही नेलं? – इयत्ता पाचवी, सांगली

उत्तर : बेटीच्या सांगण्याप्रमाणे डेल्सी गाडीतच राहिली. त्या रात्रीच्या तीन साक्षीदारांपैकी संमोहनाला न बसलेली ती एकटीच.